आधी लिंबू, मग गूगल

सकाळी ६.३०

स्कूटीच्या डिकीत डब्याआधी दगड जातात. आजचा ऐवज असा: ओटा बसवणाऱ्या मिस्त्रीने दिलेला कडप्प्याचा कोपरा, नव्या बंगल्याच्या दारात पडलेला ग्रॅनाइटचा तुकडा, शहाबादी फरशीच्या दोन कपच्या आणि शेजारच्या काकूंनी देवघर बदललं तेव्हा उरलेली संगमरवराची पट्टी. काकूंना वाटतं मी कुंड्या सजवते.

मी जुन्नर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत सहावी-सातवीला भूगोल शिकवते. आमच्याकडे काळ्या दगडाशिवाय दुसरा दगड पायाखाली सापडत नाही. डोंगर बसाल्टचा, विहीर बसाल्टात, देऊळ बसाल्टचं, रस्त्याची खडीही बसाल्टची. शिवनेरी त्यातच उभा आहे आणि लेण्याद्रीची लेणीही त्यातच कोरली आहेत. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भेगांमधून थरावर थर लाव्हा आला. झीज होऊन त्यातला जो भाग आज उरला आहे, तोच सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भरतो आणि महाराष्ट्राचा बहुतेक भाग त्यात येतो. सहावीच्या भूगोलात मात्र खडकांचे तीन प्रकार आहेत: अग्निज, गाळाचे आणि रूपांतरित. एकावर उभं राहून तीन शिकवायचे आहेत.

उरलेले दोन गावात आहेत, पण जमिनीत नाहीत, घरांत आहेत. ओट्याचा कडप्पा आंध्रातून येतो, फरशी कर्नाटकातल्या शहाबादकडची आणि कोटा राजस्थानातला. तिन्ही चुनखडक, म्हणजे समुद्राच्या तळाशी साचलेला गाळ. देवघरातला संगमरवर म्हणजे उष्णता आणि दाबाखाली बदललेला चुनखडक. आजोबांची दगडी पाटी कुठे माळ्यावर असेल तर ती स्लेटची, तीही रूपांतरित. आईच्या ओट्याचा दगड सह्याद्रीपेक्षा कितीतरी जुना आहे, हे सांगितलं की वर्गाचे एकदम कान टवकारतात.

सकाळी ९.४५

संगणक कक्ष उघडला. पेट्या दहा, त्यांतल्या सहा सुरू होतात. यूपीएसच्या बॅटऱ्या गेलेल्या आहेत, त्यामुळे वीज गेली की सहाही एकदम झोपतात. शाळेला इंटरनेट आहे, कागदावर. प्रत्यक्षात माझ्या मोबाइलचा हॉटस्पॉट, आणि तोही खिडकीच्या गजाला फोन टेकवला तरच.

म्हणून मुलं येण्याआधी पानं उघडून ठेवते. दोन संगणकांवर मराठी विश्वकोश, एकावर बालभारतीचं सहावीचं पुस्तक, एकावर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं भूकोश नावाचं संकेतस्थळ, उरलेल्या दोहोंवर गूगल अर्थ. विश्वकोशाची भाषा बोजड आहे हे मान्य. पण पाच वाक्यं अडखळत वाचून कळली तर ती कळलेली असतात. गुळगुळीत पानांवरची वीस वाक्यं डोळ्यांवरून घरंगळून जातात.

मोकळं शोधायला दिलं तर काय होतं हेही ठाऊक आहे. शोधाच्या चौकटीत ‘रॉक’ लिहिलं की आधी अमेरिकेतला पैलवान हजर होतो. ‘काळा दगड’ लिहिलं की राशीची अंगठी येते. ‘मार्बल’ लिहिलं की पुण्यातली दुकानं, आणि एकदा दुकान उघडलं की तासभर फरशीच्याच जाहिराती.

१०.३०

परिपाठ. प्रतिज्ञा, राज्यगीत, सुविचार, बातम्या. पोषण आहाराची संख्या फळ्यावर. पुढे.

११.१५

सहावीचा वर्ग, सलग दोन तासिका. पहिलीत संगणकाला हात लावायचा नाही. हा नियम मुलांना मुळीच आवडत नाही आणि मी तो मुळीच सोडत नाही.

प्रत्येक गटाला एक ट्रे. त्यात पाच दगड, भिंग, लोखंडी खिळा, कडांना चिकटपट्टी लावलेली काच आणि अर्धं लिंबू. प्रत्येक दगडाला नंबर आणि एक कार्ड. कार्डावर प्रश्न साधे: कुठे सापडला? कण नुसत्या डोळ्यांना दिसतात का? थर आहेत का? भोकं आहेत का? नखाने ओरखडा उठतो का, खिळ्याने उठतो का, की दगडच काचेवर ओरखडा काढतो? लिंबाने बुडबुडे येतात का? सगळ्यात खाली नावाची जागा, आणि ती शेवटपर्यंत कोरी.

ओरखड्याची युक्ती फ्रेडरिक मोस या जर्मन माणसाने १८१२ मध्ये दहा खनिजांची शिडी लावून पक्की केली. तळाला संगजिरे, माथ्याला हिरा. आमच्या ट्रेमध्ये हिरा नाही, पण खिळ्याने संगमरवरावर सहज ओरखडा उठतो आणि गारगोटीवर उलट खिळ्याचीच धातूची रेघ उमटते, एवढं पुरतं. गारगोटीवरची रेघ म्हणजे ओरखडाच, असं तिसऱ्या गटाचं म्हणणं पडलं. ओल्या फडक्याने घासायला सांगितलं. रेघ पुसली गेली, वाद मिटला.

मग लिंबू. कडप्प्याला आधी खिळ्याने खरवडून थोडी पूड करायची आणि त्यावर दोन थेंब, नाहीतर लिंबू फार हळू चालतं. बारीक बुडबुडे आले. शहाबादीला आले, संगमरवराला आले. ग्रॅनाइट ढिम्म. संगमरवरी ओट्यावर लिंबू सांडलं तर आई का ओरडते, ते एका मुलीने स्वतःहून जोडलं. दगडातला चुना आम्लात विरतो आणि चकाकी जाते.

आणि मग खरा गोंधळ. पाचव्या गटाचा बसाल्ट फसफसला.

वर्गात एकच आरडाओरडा. बसाल्ट अग्निज, त्यात चुना कुठला? मी काही बोलले नाही, फक्त भिंग पुढे केलं. दगडाला भोकं होती (‘पावासारखी’, असं कार्डावर लिहिलेलं होतं) आणि त्यांतली काही पांढऱ्या खड्यांनी भरलेली. थेंब नेमका खड्यावर पडला होता. काळ्या भागावर टाकून पाहिला, तर काही नाही. शेजारच्या दुसऱ्या पांढऱ्या खड्यावर टाकला, तिथेही काही नाही! आता प्रश्न एकाचे दोन झाले.

उत्तर असं की लाव्हा थंड होताना त्यातल्या वायूचे बुडबुडे आत अडकून पोकळ्या राहतात. पुढे लाखो वर्षं पाणी झिरपतं आणि त्या पोकळ्या भरते. कुठे कॅल्साइटने, कुठे गारेने, कुठे झिओलाइटने. कॅल्साइट फसफसतो, बाकीचे नाही. पुणे, नाशिक, जळगाव या भागांतले झिओलाइटचे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत आहेत. वाघोलीच्या खाणींत मिळणारा निळाशार कॅव्हन्साइट तर संग्राहकांमध्ये प्रसिद्धच. आमच्या मुलांच्या गोठ्याच्या भिंतीत असे खडे चिणलेले असतात आणि त्यांच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही.

पण हे उत्तर मी तिथे दिलं नाही. पाचव्या गटाने कार्डावर लिहिलं: ‘दगड फसफसत नाही, दगडातला एक पाहुणा फसफसतो. दुसरा पाहुणा कोण?’ संगणकाला विचारण्यासारखा प्रश्न असा असतो. ‘बसाल्टची माहिती द्या’ हा प्रश्न नव्हे.

आणखी एक. एका मुलीचे आजोबा पाथरवट. तिने हातोडीने दगड हलकेच ठोकले आणि कानानेच दोन बसाल्ट वेगळे काढले. एक खणखणीत वाजला, दुसरा बद्द. बद्द वाजणारा आतून कुजलेला, मुरूम होण्याच्या वाटेवर. कार्डावर आवाजाचा रकाना नव्हता. आता आहे.

दुपारी १२.३०

आता संगणक. सहा पेट्या, सहा गट. वीज आहे.

दुसऱ्या गटाला माझा फोन हवा होता. दगडाचा फोटो काढला की गूगल लेन्स नाव सांगतं, असं मोठ्या भावाकडून कळलेलं. काढू दिला. लेन्सने नदीकाठच्या आमच्या साध्या काळ्या गोट्यासारखे दिसणारे दगड म्हणून उल्कांचे फोटो आणले, तेही डॉलरमधल्या किमतींसह. वर्गात श्रीमंतीची लाट आली. कुणीतरी चुंबक आणलं, कारण त्याच पानावर ‘उल्का चुंबकाला चिकटते’ असं होतं. चुंबकाला दोरा बांधून गोट्याजवळ धरलं तर ते हळूच ओढलं गेलं. झालं! उल्काच!

मग मी दुसरा, तिसरा, खडीच्या ढिगातला कुठलाही बसाल्ट चुंबकाजवळ धरायला लावला. थोडंफार सगळ्यांनीच ओढलं, कारण बसाल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं. म्हणजे एकतर सगळा जुन्नर तालुका आकाशातून पडला, किंवा एकट्या चुंबकाने निकाल लागत नाही. मुलांनी दुसरं मत स्वीकारलं, नाराजीनेच. सांत्वन म्हणून गूगल अर्थवर लोणार दाखवलं. याच बसाल्टवर खरोखर उल्का आदळली आणि सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर झालं.

लेन्सवर माझा राग नाही. ते दिसण्यावरून जोड्या लावतं. खडकांचं वर्गीकरण दिसण्यावर नाही, खडक झाला कसा यावर आहे. काळा कडप्पा गाळाचा, काळा बसाल्ट अग्निज. पॉलिश केल्यावर फोटोत दोघे भाऊ वाटतात आणि लिंबाचा थेंब त्यांना वेगळं करतो. दुकानदारांनी यात भर घातली आहे. ‘ब्लॅक ग्रॅनाइट’ म्हणून विकला जाणारा दगड बऱ्याचदा डोलेराइट किंवा गॅब्रो असतो, म्हणजे बसाल्टच्याच रसायनाचा, फक्त जमिनीखाली सावकाश गोठलेला. हिरवा ‘मार्बल’ बहुधा सर्पेंटाइनचा खडक. संगणकावर ही सगळी नावं एकाच आत्मविश्वासाने छापलेली असतात.

संगणक जिथे खरोखर कामी येतो ती जागा वेगळी. वाहता लाव्हा मी आणू शकत नाही. हवाईच्या किलाउएआ ज्वालामुखीची चित्रफीत लावली, आवाज बंद करून. इंग्रजी निवेदन ऐकत बसली की मुलं गप्प होतात. आवाज नसला की स्वतः बोलतात. ‘वरची साय काळी पडतेय, आत अजून लाल आहे.’ ‘पटकन गोठतंय.’ मग ग्रॅनाइट हातात दिला. यात गुलाबी, पांढरे, काळे कण नुसत्या डोळ्यांना का दिसतात आणि बसाल्टात का नाही? मागच्या बाकावरचा एक, जो एरवी खिडकीबाहेर असतो, म्हणाला, ‘बाई, याला मोठं व्हायला वेळ मिळाला.’ खोल जमिनीत सावकाश थंड झाला तर स्फटिक वाढतात. हे वाक्य मी पुस्तकातून वाचून दाखवणार होते. गरज उरली नाही.

लिहिण्याचा नियम एकच. पडद्यावरचं जे वाक्य स्वतःच्या दगडावर बोट ठेवून दाखवता येतं, तेच कार्डावर जातं. आणि त्याखाली कुठल्या पानावर वाचलं ते. कॉपी-पेस्ट त्यामुळे आपोआप मरतं, कारण ‘हा खडक बांधकामासाठी अत्यंत उपयुक्त आहे’ या वाक्यासाठी दगडावर कुठे बोट ठेवणार?

१.४५

खिचडी. मावशींनी तांदूळ निवडताना बाजूला काढलेले खडे वाटीत जपून ठेवले होते, कारण मुलांनी तशी ताकीद दिली आहे. त्यात एक दुधी पांढरा, काचेवर ओरखडा काढणारा. गार. त्यालाही नंबर मिळाला. ‘सापडण्याचं ठिकाण’ या रकान्यात ‘तांदूळ’ असं लिहिलं गेलं. तांदूळ कुठला ते पोत्यावर बघायला दोघे पळाले.

२.३०

सातवी. दिवसातला माझा आवडता तास.

कुकडी नदीच्या काठी आमच्याच तालुक्यात बोरी बुद्रुक आहे. तिथे नदीच्या गाळात एक पांढुरका, हाताला मऊ लागणारा थर दिसतो. ती ज्वालामुखीची राख आहे, आणि ज्वालामुखी इथला नाही. इंडोनेशियात सुमात्रा बेटावर टोबा आहे, त्याची ही राख, असं बहुतेक अभ्यासक मानतात. जागा पुरातत्त्वाच्या दृष्टीने मोलाची, राखेच्या आसपास आदिमानवाची दगडी हत्यारं मिळाली आहेत. त्यामुळे तिथे कुदळ चालवायची नाही. घसरून खाली पडलेली चिमूटभर राख काचेच्या बाटलीत आहे, तेवढीच.

ती यूएसबी सूक्ष्मदर्शकाखाली धरली. स्वस्तातला आहे, पण पडद्यावर चकाकणाऱ्या, धारदार कपच्या दिसल्या. काच. उद्रेकात वितळलेला खडक फुटून, हवेतच गोठून झालेली काच. मग गूगल अर्थची मोजपट्टी टोबापासून बोरीपर्यंत ओढली. अंतर ३ हजार किलोमीटरच्या वर. वर्गात कोणी हललं नाही.

‘कधी पडली?’ हा प्रश्न येणारच होता. तिथूनच शोध सुरू केला. पहिल्या गटाला मिळालं: सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वी. दुसऱ्याला मिळालं: ६ लाख ७० हजार. तिसऱ्याला: १४ लाख. तिसऱ्या गटाला वाटलं आपण चुकलो. चुकले नव्हते. बोरीच्या राखेच्या वयावर खरोखरच हा वाद झालेला आहे. १९८० च्या दशकाअखेर आलेली तारीख १४ लाखांची, १९९० च्या दशकातली दुसरी ६.७ लाखांची. मग राखेतल्या काचेचं रसायन टोबाच्या सर्वांत अलीकडच्या, सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीच्या महाउद्रेकाशी जुळवलं गेलं आणि बहुतेकांचं मत तिकडे झुकलं. तरी ही राख त्याच ज्वालामुखीच्या आणखी जुन्या उद्रेकाची असावी, असं म्हणणारे आहेतच.

इथे मुलांना एक काम दिलं: प्रत्येक आकड्याशेजारी तो कधी छापला गेला ते साल शोधा. अर्ध्या तासात फळ्यावर तीन आकडे आणि तीन काळ. गूगलला हे तिन्ही सारखेच. पान कोणतं वर येईल त्यावर मुलाचं उत्तर ठरतं. सालं लावली की ज्ञानाची चाल दिसते. इंटरनेटवर संशोधन म्हणजे मी एवढंच शिकवते.

मग नेहमीचा प्रश्न: ही राख कुठल्या खणात? ज्वालामुखीतून आली म्हणून अग्निज? आकाशातून पडून थर झाला, पुन्हा नदीने वाहून गाळात मिसळली, म्हणून गाळाची? दोन तट पडले आणि दोन्ही तटांचं म्हणणं बरोबर होतं. भूशास्त्रज्ञही अशी राख दोन्ही अंगांनी हाताळतात.

आमच्या कपाटात म्हणून चार ट्रे आहेत. तीन पुस्तकातले. चौथ्यावर मुलांनी ‘वाद चालू’ अशी चिठ्ठी लावली आहे. त्यात ही राख आहे. पाचगणीच्या सहलीहून आणलेला जांभा आहे, कारण तो बसाल्ट कुजून, पावसाने बाकीचं धुऊन नेल्यावर उरलेला लोहाचा साठा; त्याला तिन्ही घरांत नीट जागा मिळत नाही. विटेचा तुकडा आहे आणि सिमेंट काँक्रीटचाही, ‘माणसाने केलेला खडक चालेल का’ या प्रश्नासह. माझ्या मते हा चौथा ट्रे नसेल तर उरलेले तीन नुसतं पाठांतर होतात. अधिकाऱ्यांच्या भेटीत मात्र विचारणा झाली होती की पाठात प्रकार तीनच असताना ट्रे चार कसे.

३.४५

वीज गेली, त्यामुळे शाळेमागच्या विहिरीकडे. कठडा आहे, तरी दोरी लावून लांबूनच. खोदणाऱ्या काकांना बोलावलं होतं. त्यांनी वरून खाली हात करत सांगितलं: माती, मग मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण, मध्ये एक तांबडा पट्टा. पाझर मांजऱ्यात आणि चिरांत, काळ्यात नाही. मुलांनी वहीत पट्टे काढले आणि शेजारी सकाळच्या कार्डांवरचे शब्द लिहिले: कुजलेला, भोकांचा, घट्ट. तांबडा पट्टा म्हणजे एक लाव्हा येऊन गेल्यावर पुढचा येईपर्यंत वरचा भाग जो झिजला, कुजला तो, पुढच्या लाव्ह्याखाली गाडला गेलेला. काकांनी असे पट्टे आणखी तीन गावांत कुठे लागतात ते सांगितलं. भूकोशाच्या नकाशावर ते सापडणार नाहीत, इतका तो बारीक नाही.

४.४०

पोषण आहाराची ऑनलाइन नोंद, हजेरी, उपक्रमाचे फोटो गटावर. फोटोत संगणक दिसले पाहिजेत असा निरोप आहे. ते बंद होते तेव्हा काढलेले फोटो जास्त चांगले आले होते.

रात्री ९.००

पालकांच्या गटावर दगडांचे फोटो येतायत. एकाने विचारलंय, ओट्यावर लिंबू टाकून मुलाने डाग पाडला, भरपाई कोण देणार. उद्या त्यांना भेटायचं आहे.

वाचकांना एक विनंती. घरात ओटा, फरशी, देवघर नव्याने करत असाल तर उरलेले तुकडे राडारोड्यात जातात. ग्रॅनाइट, कडप्पा, कोटा, शहाबादी, संगमरवर यांचे तळहाताएवढे तुकडे बाजूला काढा, दगड कुठल्या गावचा ते दुकानदाराला विचारून चिठ्ठीवर लिहा आणि जवळच्या शाळेतल्या भूगोलाच्या शिक्षकांकडे पोचवा. जांभ्याच्या किंवा वालुकाश्माच्या मुलखात राहत असाल तर त्याचाही एक तुकडा घाटावरच्या एखाद्या शाळेला पाठवा. बदल्यात आम्ही बसाल्ट देऊ, तो आमच्याकडे भरपूर आहे.